ताटापासून मेंदूपर्यंत : वर्ध्याची नव्वद वर्षं

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाच्या मगनवाडी केंद्रात गांधीजी आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा आणि घाण्याच्या तेलाचा आग्रह धरला. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जातं, हे त्यामागचं शास्त्र. पालेभाज्यांचे प्रयोगही तिथे झाले.

१९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं आणि विद्यार्थ्यांना गावं दत्तक दिली. १९७० मध्ये देशभर ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस सुरू झाले, १९७५ मध्ये अंगणवाडी आली. ‘अ’च्या अभावाने मुलांचे डोळे जाणं आज विरळ झालंय. हे यश मोठं आहे.

मेंदूकडे मात्र आपण उशिरा वळलो. घोळ, चिवळ, अंबाडी या भाज्यांतून फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड) मिळतं. ब-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून येतं. गवळाऊ गाईच्या या जिल्ह्यातही गरीब घरचं दूध आधी डेअरीवर जातं. आईच्याच अंगात ब-१२ नसेल तर तिच्या दुधात कुठून येणार? असं बाळ अंगावर पिऊन गुटगुटीत दिसतं, पण हसायचं विसरतं, सावरलेली मान टाकतं, बोटांची पेरं काळवंडतात, हातपाय थरथरतात. चेतातंतूंचं आवरण नीट घडत नाही, म्हणून हे होतं. १९६२ मध्येच वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद केली होती. इंजेक्शनने बाळ काही दिवसांत टवटवीत होतं. विकासातली तूट दर वेळी भरून निघत नाही.

पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने किशोरवयीन मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ दिलं. पुढे त्यातल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाल्यावर आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली.

मेंदू जिच्यातून घडतो ती गर्भाची मज्जानलिका पहिल्या २८ दिवसांत मिटते, आणि त्यासाठी फोलेट व ब-१२ लागतं. तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. अंगणवाडीत नाव लागेपर्यंत ही वेळ टळलेली असते. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, ब-१२ नाही. ते त्यात यायला हवं. आणि घरात दूध-दही वाढताना वाटी आधी मुलीच्या ताटात ठेवा. उद्याच्या बाळाच्या मेंदूची तयारी तिथूनच सुरू होते.