साल्हेर, उलट्या आणि सहा चमचे साखर

‘सबमिशन संपलं की साल्हेर’ हे आमचं अख्खं सेमिस्टर चाललं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : साल्हेर आपल्याच जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात आहे. उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. (कळसूबाई जास्त उंच, पण ते शिखर आहे.) १६७२ ची मराठे-मुघल लढाई इथलीच, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. प्लॅन असा, की पहिल्या दिवशी साल्हेर, रात्री गंगासागर तलावाजवळच्या गुहेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी सालोटा, मग मुल्हेर.

सालोटा राहिला. मुल्हेरही राहिला.

रात्री तीनच्या सुमारास आमच्यातल्या एकाला (मेकॅनिकलचा आहे, नाव छापलं तर मारेल) उलट्या-जुलाब सुरू झाले. क्लोरीनचे थेंब आणायची जबाबदारी माझी होती आणि बाटली घरी फ्रिजवर राहिली होती. संध्याकाळी पाणी न उकळताच प्यायलो. ‘स्वच्छ दिसतंय रे’ हे वाक्य माझंच. आता पाणी सगळेच प्यायले होते, आणि दिवसभर डब्यात कोंडलेली बटाट्याची भाजी मात्र त्याने एकट्याने संपवली होती. खराब अन्नातलं विष काही तासांतच त्रास देतं, पाण्यातल्या जंतूंना बहुधा जास्त वेळ लागतो. म्हणजे मी कदाचित निर्दोष असेन. त्या रात्री तसं अजिबात वाटत नव्हतं.

खरी चूक मी पुढे केली. ताकद यावी म्हणून लिटरच्या बाटलीत ग्लुकोज पावडरचा अर्धा पुडा ओतला आणि त्याला गटागटा पाजला. दहा मिनिटांत सगळं बाहेर, जुलाब आणखी वाढले. सहा वाजेपर्यंत जीभ कोरडी, लघवी रात्रीपासून नाही, उभं राहिलं की चक्कर.

काय चुकलं ते नंतर वाचून कळलं. जुलाबात पाण्याबरोबर मीठही, म्हणजे सोडियम, निघून जातं. आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन असतं. हा एक दरवाजा समजा, पण एकट्या ग्लुकोजसाठी तो उघडत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आले तरच दोघांना आत घेतो, आणि त्यांच्या मागोमाग ऑस्मॉसिसने पाणी जातं. गंमत म्हणजे बहुतेक जुलाबांत हा दरवाजा चालूच असतो. पण साखर प्रमाणाबाहेर झाली की आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा घट्ट होतं आणि ऑस्मॉसिस उलटं फिरतं : शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. माझ्या बाटलीने नेमकं हेच केलं. कोल्ड्रिंकही याच कारणासाठी नको.

म्हणून ओआरएसमध्ये सगळा खेळ प्रमाणाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मोल काढून बघा, ग्लुकोज ७५ मिलिमोल आणि सोडियमही ७५! पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावला सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्याच हाताने रुग्णांना पाजलं. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं. आपल्याला हे नाव कुठल्याच पुस्तकात भेटलं नाही, याचं मला जरा आश्चर्यच वाटतं.

तर, त्याला दोघांच्या खांद्यावर कसंबसं खाली आणलं. वाडीतल्या एका काकूंनी काही न विचारता पाणी उकळून गार केलं, साखर-मीठ घातलं आणि चमच्या-चमच्याने पाजत बसल्या. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायच्या, परत सुरू. एसजीएलटी-१ त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. दोन-तीन तासांनी तो भिंतीच्या आडोशाला जाऊन आला आणि ‘झाली!’ म्हणाला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तरीही सटाण्याला डॉक्टरांना दाखवलंच. शौचात रक्त, जास्त ताप किंवा गुंगी असती तर काकूंकडेही थांबायचं नव्हतं, थेट दवाखाना.

सालोटा आता जानेवारीत. त्याने भाजी आणायची नाही आणि पाण्याचं काम मला द्यायचं नाही, एवढं ठरलंय.