वेबसाइटचे हेडर : आपल्या मालाचे लेबल आपल्याच हाती

कापडाच्या धंद्यात नाव आणि छाप यांची किंमत नव्याने सांगण्याची गरज नाही. एके काळी विलायतेतून येणाऱ्या आणि मुंबईच्या गिरण्यांत निघणाऱ्या ताग्यांवर रंगीत छापील लेबल चिकटवलेले असे. ज्याला अक्षरओळख नव्हती असे गिऱ्हाईकही लेबलावरचे चित्र पाहून माल कोणाचा ते ओळखत असे. आज आमच्या अनेक व्यापारी बंधूंनी वेबसाइट काढल्या आहेत. वेबसाइट उघडताच सर्वांत वर जी रुंद चित्रपट्टी दिसते तिला हेडर म्हणतात. ताग्यावरच्या लेबलाचे काम आज ही पट्टी करते. आपल्या पेढीवर कधीही न आलेला खरीददार तिच्यावरूनच ठरवतो की पुढे पाहावे की परत फिरावे.

असे असूनही हे काम सर्रास दुसऱ्यावर सोपवून दिले जाते. रमजान ईद किंवा लग्नसराई तोंडावर येते, हेडर बदलायचे असते, आणि ज्या मुलाने ते बनवले तो दुसऱ्या गावी नोकरीला गेलेला असतो. फाइल त्याच्याकडे, नाव आपले. आमचे म्हणणे असे की, हे काम व्यापाऱ्याने स्वतः किंवा घरातल्या शिकल्या मुला-मुलीने हाती घ्यावे. त्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही. एक कॉम्प्युटर, एक मोफत सॉफ्टवेअर आणि थोडा सराव एवढे पुरेसे आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

फोटोशॉप हे १९९० पासूनचे नामांकित सॉफ्टवेअर. पण त्याची वर्गणी भरावी लागते. पैसे वाचवण्यासाठी चोरीची प्रत वापरणे हे कायद्याने गैर आणि हलाल रोजीच्या विचारानेही गैर. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. तशी गरजही उरलेली नाही. अमेरिकेत बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये 'गिंप' नावाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. ते आजही मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरण्यासही मुभा आहे. नुसत्या रेषा, अक्षरे आणि बोधचिन्ह काढायचे असेल तर 'इंकस्केप' हे २००३ पासूनचे दुसरे मोफत सॉफ्टवेअर चांगले. 'कॅनव्हा' हे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाले. त्यात तयार नमुने मिळतात आणि मोबाइलवरही काम होते. मात्र तेच नमुने सर्वांना खुले असल्याने आपल्यासारखेच हेडर शेजारच्या दुकानाचेही असू शकते. म्हणून आम्ही येथे गिंप धरून सांगत आहोत.

माप आधी, चित्र नंतर

शिलाईत जसे कापण्याआधी माप, तसेच येथे. कापड ताण्या-बाण्याने बनते, तर पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. छपाईवाले 'तीनशे डीपीआय' मागतात. पडद्यासाठी त्याचा उपयोग नाही. येथे फक्त रुंदीत किती पिक्सेल आणि उंचीत किती, एवढेच पाहायचे.

कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी १९२० रुंद आणि ४०० उंच हे माप ठीक पडते. परंतु वाचकांनी एक हिशेब करून पाहावा. मोबाइलच्या पडद्याची रुंदी वेबसाइटच्या हिशेबात साधारण ३६० धरली जाते. १९२० ची पट्टी ३६० मध्ये बसवली की तिची उंची ४०० वरून ७५ वर येते. जे अक्षर ४० उंचीचे होते ते साडेसात उरते, म्हणजे वाचताच येत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवरून येत असेल तर सगळी मेहनत फुकट. म्हणून हेडर दोन करावेत : एक रुंद, आणि मोबाइलसाठी दुसरे १०८० रुंद व ६०० उंच. कोणत्या पडद्यावर कोणते दाखवायचे ती सोय वेबसाइट बनवणारा सहज करून देतो. त्याला तसे सांगावे मात्र लागते.

गिंप उघडून 'फाइल' मेनूत 'न्यू' घ्यावे आणि ही मापे लिहावीत. कोरा पडदा तयार होतो.

थर म्हणजे छपाईचे ठसे

ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो. लाल बिघडला तर लालचा ठसा बदलतो, हिरव्याला हात लावत नाही. गिंपमध्ये हेच काम 'लेयर' म्हणजे थर करतात. सर्वांत खाली पार्श्वरंगाचा थर, त्यावर कापडाचा फोटो, त्यावर पेढीचे नाव, आणि त्यावर बोधचिन्ह. प्रत्येकाचा थर वेगळा ठेवावा. पुढच्या वर्षी फक्त फोटो बदलायचा झाला तर एकच थर काढून दुसरा टाकता येतो. नवशिके सगळे एकाच थरात उरकतात आणि मग एका अक्षरासाठी सारे पुन्हा करतात.

कापडाचा फोटो

फोटो बाजारातून आणू नये. आपल्या गोदामातला माल दाखवावा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन नसेल अशा जागी कापड पसरावे. शेजारी एक पांढरा कागद ठेवावा. नंतर गिंपमध्ये 'कलर्स' मेनूतील 'लेव्हल्स' उघडून पांढऱ्या बिंदूची नळी त्या कागदावर टेकवावी, म्हणजे बाकीचे रंगही बहुतांशी खऱ्याजवळ येतात. हे लक्षात ठेवावे की प्रत्येक मोबाइलचा पडदा थोडा वेगळा रंग दाखवतो. शंभर टक्के मेळ कोणालाच साधत नाही. पण हातात आलेला माल चित्रापेक्षा फार वेगळा निघाला तर तो परत येणारच.

बारीक चौकडी किंवा बारीक पट्टीच्या कापडात आणखी एक पेच येतो. चित्र लहान केले की त्यावर पाण्याच्या लहरींसारख्या रेघा उमटतात, ज्या कापडात मुळी नसतातच. कापडाच्या धाग्यांची ओळ आणि पडद्याच्या ठिपक्यांची ओळ यांचा मेळ बसत नाही म्हणून हे होते. यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा थोडा जवळ किंवा दूर न्यावा, किंवा जरा तिरपा धरावा. तरीही लहरी राहिल्या तर चित्र लहान करण्याआधी 'गॉशियन ब्लर' अगदी थोडा द्यावा.

काही बंधू माणसांची चित्रे टाळतात. त्यांची अडचण होऊ नये. काठ, पदर, बुट्टी आणि वीण जवळून घेतली तर तीच हेडरची शोभा होते, आणि गिऱ्हाइकालाही शेवटी पाहायचे असते ते हेच.

अक्षरांची गोष्ट

आमच्या पेढ्यांची नावे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत लिहिण्याची पद्धत आहे. दुकानाच्या पाटीवर ते शोभते, पण हेडरमध्ये गर्दी होते. एक लिपी मोठी ठेवावी, बाकीच्या लहान.

उर्दूच्या नस्तालीक लिखाणात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, म्हणून त्याला उंची जास्त लागते. चपट्या पट्टीत नस्तालीक कोंबले तर ते बारीक आणि गिचमिड होते. जागा असेल तर नस्तालीक, नसेल तर नस्ख वापरावे. जुन्या इनपेजमधला किंवा जुन्या मराठी डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट उचलून टाकू नये. तो युनिकोडमध्ये नसतो आणि वेडावाकडा उमटतो. नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावे. गिंप व इंकस्केप उर्दूची जोडणी आणि मराठीची जोडाक्षरे बरोबर दाखवतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र दक्षिण आशियाई लिप्यांची सोय सेटिंगमध्ये चालू करावी लागे, नाहीतर वेलांटी भलत्याच जागी जाई. मोफत फॉन्टपैकी मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचे 'मुक्त' व 'बालू' आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' धंद्यात वापरण्यास खुले आहेत.

अक्षर पार्श्वरंगावर उठून दिसते की नाही, हे तपासण्याची एक युक्ती आहे. 'डीसॅच्युरेट' करून चित्र काळे-पांढरे करून पाहावे. तरीही नाव सहज वाचता आले तर रंगांची निवड बरोबर. नाही आले तर रंग बदलावा आणि तपासून झाल्यावर 'अनडू' करावे.

फोन नंबर, पत्ता, भाव हे चित्रात कधीही लिहू नयेत. चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राला भरवसा ठेवता येत नाही, आणि अंध व्यक्ती वापरतात ते वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तेथे अडते. असा मजकूर चित्राखाली साध्या अक्षरांत असावा, आणि चित्राला एका ओळीचे वर्णन जोडण्यास वेबसाइटवाल्याला सांगावे.

चित्रातली सच्चाई

तिजारतीत दोष लपवणे आमच्या दीनमध्ये नापसंत आहे, आणि चित्र हेही बोलणेच आहे. दुसऱ्याच्या वेबसाइटवरचा फोटो उचलणे ही त्याच्या हक्कावर गदा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटोलाही लागू होतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरे सांगाल तशा साडीचे चित्र क्षणात काढून देतात. ती सजावटीसाठी चालतील. पण जी साडी मागावर कधी विणलीच गेली नाही ती माल म्हणून दाखवणे म्हणजे सरळ फसवणूक. तसेच रेशमासाठीचे 'सिल्क मार्क' २००४ मध्ये आणि हातमागासाठीचे 'हँडलूम मार्क' २००६ मध्ये सुरू झाले. ही चिन्हे रीतसर परवानगी असणाऱ्यांनीच वापरायची असतात. पॉवरलूमच्या मालाच्या हेडरवर ती डकवू नयेत. आमचा पॉवरलूमचा माल चांगला आहे, तो त्याच नावाने विकला जावा.

आणखी एक अदबीची गोष्ट. वेबसाइटचे चित्र पुढे पिशवीवर, खोक्यावर आणि हँडबिलावर छापले जाते, आणि पिशवी शेवटी रस्त्यावर जाते. म्हणून हेडरमध्ये आयत किंवा पाक नावे घालू नयेत. बरकतीची दुआ मनात असावी.

पत्ते जपून ठेवा

जकार्डच्या मागावर ज्याच्याकडे पत्ते, त्याच्याकडे डिझाइन. विणलेली साडी कितीही असो, पत्ते हरवले तर तीच वीण पुन्हा काढणे मुश्कील. गिंपमध्ये 'सेव्ह' केल्यावर एक्ससीएफ नावाची फाइल होते, तिच्यात सगळे थर वेगवेगळे राहतात. हे आपले पत्ते. 'एक्स्पोर्ट ॲज' करून जेपीईजी किंवा वेबपी बनते, तिच्यात थर एकजीव होतात. ही विणलेली साडी. वेबसाइटवर ही दुसरी चढवावी. जेपीईजी करताना दर्जा ८० च्या आसपास ठेवला तर डोळ्याला फरक जाणवत नाही आणि वजन बरेच उतरते. दोनशे केबीच्या आत राहिले तर कमजोर नेटवर्कवरही पट्टी लवकर उघडते.

ज्यांना हे काम बाहेरूनच करून घ्यायचे आहे, त्यांनी निदान ही एक अट आधीच लिहून घ्यावी : पैसे चुकते करताना थरांसह मूळ फाइल मिळाली पाहिजे. कोरल ड्रॉमध्ये बनवले असेल तर मूळ फाइलीबरोबर एसव्हीजी प्रतही मागावी, म्हणजे ती इंकस्केपमध्ये उघडता येते. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक कॉम्प्युटरच्या बाहेर, पेन ड्राइव्हवर असावी. पेढीच्या चोपड्या आपण दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही. आपल्या नावाची फाइलही तशीच आपल्या गल्ल्याजवळ राहावी.