लग्न झालं की मजा संपते?
नायक-नायिकेचं जुळलं की मालिका घसरते, ही तक्रार मराठी प्रेक्षकाला परकी नाही. पुरावा मात्र वेगळं सांगतो. झी मराठीवरच्या ‘का रे दुरावा’मध्ये (2014) जय-अदिती आधीच विवाहित, ऑफिसात ते लपवण्यातूनच गोष्ट रंगली. अमेरिकी ‘द ऑफिस’मध्ये (2005–2013) जिम-पॅमचं लग्न सहाव्या पर्वात झालं, तर साहेबाची भूमिका करणारा स्टीव्ह करेल सातव्यात बाहेर पडला. त्यामुळे शेवटच्या दोन पर्वांतली घसरण एकट्या लग्नाच्या माथी मारता येत नाही. रोजची कौटुंबिक मालिका आणि आठवड्याची विनोदी मालिका यांची तुलना कशी करायची, हा आक्षेप रास्त आहे. पण रोज भाग द्यायचा तर नवा पेच अधिकच लागतो. मालिका घसरते ती पेच संपल्यावर, प्रेम जुळल्यावर नव्हे.