'पेज नॉट फाउंड': महापालिकेच्या वेबसाइटवर हवी ती माहिती सापडत का नाही?

समजा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. 'आपल्या गल्लीतली पाच झाडं तोडणार आहेत. महापालिकेनं नोटीस काढली आहे. हरकत घ्यायची असेल तर लवकर घ्या.' खाली एक लिंक आहे.

तुम्ही लिंक उघडता. स्क्रीनवर येतं 'पेज नॉट फाउंड'. मग तुम्ही महापालिकेच्या मुख्य पानावर जाता. तिथं आयुक्तांचा फोटो आहे, सरकता मजकूर आहे, स्वच्छता मोहिमेचं बॅनर आहे. सर्चच्या चौकटीत 'झाड' टाकलं, निकाल शून्य. 'वृक्षतोड' टाकलं, तरी शून्य. अर्ध्या तासानंतर कुणीतरी ग्रुपवर लिहितं, 'जाऊ दे, ऑफिसला जाऊन विचारू.' पण ऑफिसला जायला शनिवार-रविवारी वेळ असतो आणि तेव्हा ऑफिस बंद असतं.

झाडांच्या नोटिशीवर हरकत घ्यायला साधारण आठवडाभराचाच वेळ मिळतो. लिंक तुटली म्हणून ही मुदत थांबत नाही. तुटलेली लिंक हा नुसता तांत्रिक बिघाड नाही, तो का, हे इथंच कळतं. माहिती वेबसाइटवर 'टाकलेली' असते, पण लोकांपर्यंत 'पोहोचलेली' नसते. या दोन्हींच्या मधल्या फटीत नागरिकाचा हक्क अडकतो.

लिंक तुटते म्हणजे नेमकं काय होतं?

इंटरनेटवरच्या प्रत्येक पानाला, प्रत्येक फाइलला एक पत्ता असतो. लिंक म्हणजे तो पत्ता. तुम्ही क्लिक केलं की तुमचा फोन महापालिकेच्या सर्व्हरला विचारतो, 'या पत्त्यावर काय आहे?' तिथं काहीच नसेल तर सर्व्हर उत्तर देतो, 404. म्हणजे सर्व्हर सुरू आहे, पण मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही.

बहुतेक वेळा ती फाइल नष्ट झालेली नसते. तिची फक्त जागा बदललेली असते. घर बदललं, पण पोस्टात नवा पत्ता कळवला नाही, तर पत्रं जुन्या दारावर जाऊन परत येतात. इथंही तसंच होतं.

यात आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा आहे. काही वेबसाइट जुन्या लिंकवर आलेल्या माणसाला गुपचूप मुख्य पानावर नेऊन सोडतात. 404 दिसत नाही, त्यामुळे तपासणीत सगळं व्यवस्थित वाटतं. पण माणूस नोटीस शोधायला आलेला असतो आणि त्याच्या हातात बॅनर पडतं.

ही अडचण फक्त आपल्याकडची आहे का?

नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं 2024 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2013 साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तिथल्या सरकारी वेबसाइटच्या 21 टक्के पानांवर किमान एक तरी तुटलेली लिंक होती. त्यातही शहरांच्या स्थानिक प्रशासनाची पानं जास्त वाईट अवस्थेत होती.

पण आपल्याकडे त्यात काही खास अडचणींची भर पडते.

पहिलं कारण: वेबसाइट नवी होते, पत्ते मरतात

दर काही वर्षांनी वेबसाइटचं काम नव्या कंत्राटदाराकडे जातं. नवं डिझाइन येतं, उद्घाटन होतं. या बदलात फाइलींचे पत्ते बदलतात आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पाठवायची सोय करायची राहून जाते.

कधी वेबसाइटचं नावच बदलतं. पुणे महापालिकेची जुनी वेबसाइट 'पुणेकॉर्पोरेशन डॉट ऑर्ग' या नावानं होती. आता ती 'पीएमसी डॉट जीओव्ही डॉट इन' वर आहे. सरकारी डोमेनवर जाणं योग्यच, कारण त्यामुळे खोट्या वेबसाइट ओळखणं सोपं होतं. पण कुठल्याही शहराचा पत्ता असा बदलतो, तेव्हा जुन्या बातम्या, लेख आणि कोर्टाच्या कागदपत्रांत दिलेल्या लिंक आपोआप बदलत नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारी कार्यालयांना 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. त्यातला पहिलाच मुद्दा वेबसाइट अद्ययावत करण्याचा होता. म्हणजे प्रश्न सरकारलाही माहीत आहे. फक्त वेबसाइट नवी करताना जुने पत्ते जपले नाहीत, तर सुधारणाच तुटलेल्या लिंकचं नवं कारण ठरते.

दुसरं कारण: पीडीएफ आहे, पण त्यात अक्षरंच नाहीत

महापालिकेत ठराव टाइप होतो, त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून अपलोड होतो. ही पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. तुम्हाला त्यात अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला काळे-पांढरे ठिपके दिसतात. वेगळी प्रक्रिया करून त्या फोटोतली अक्षरं ओळखली नाहीत, तर त्यात 'झाड' हा शब्द दहा वेळा असला तरी सर्चला तो सापडत नाही.

त्यातून फाइलचं नाव 'स्कॅन 001' असं असेल तर विषयच संपला.

तिसरं कारण: मराठी फॉन्टचा जुना घोळ

हा भाग खास आपला आहे. युनिकोड रुळण्याआधी सरकारी कार्यालयांत कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख असे फॉन्ट वापरले जायचे. या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा पोशाख चढवतो.

म्हणून अशा फाइलमधला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढीग पडतो. सर्च इंजिनलाही तेच दिसतं. तुम्ही युनिकोडमध्ये 'पाणीपट्टी' शोधता, फाइलमध्ये त्या जागी भलतंच काही लिहिलेलं असतं. कागद मराठीत आहे, शोधणारा मराठीत शोधतो आहे, तरी दोघांची भेट होत नाही.

चौथं कारण: लोकांचे शब्द वेगळे, महापालिकेचे वेगळे

लोक म्हणतात घरपट्टी. मुंबईत महापालिका म्हणते मालमत्ता कर, पुण्यात म्हणतात मिळकतकर. लोक म्हणतात ड्रेनेज तुंबलं, विभागाचं नाव असतं मलनिःसारण. झाडांची नोटीस 'वृक्षतोड'खाली नाही, उद्यान विभागात किंवा वृक्ष प्राधिकरणाच्या पानावर असते.

सगळ्यात भारी उदाहरण होर्डिंगचं. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. त्यानंतर आपल्या घराजवळचं होर्डिंग अधिकृत आहे का, हा प्रश्न शहराशहरांत लोकांना पडणं साहजिक होतं. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये याचं उत्तर शोधायचं तर आधी हे माहीत हवं, की होर्डिंगचा कारभार पाहणाऱ्या विभागाचं नाव 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' आहे. 'आकाशचिन्ह' हा शब्द आपणहून सर्चमध्ये कोण टाकणार?

वेबसाइटची मांडणी विभागांप्रमाणे केलेली असते. नागरिक मात्र विभाग शोधायला येत नाही, तो त्याचा प्रश्न घेऊन येतो.

याबद्दल कायदा काय म्हणतो?

कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार सरकारी कार्यालयांनी 17 प्रकारची माहिती, कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून जाहीर करायची आहे. रचना, अधिकार, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक, सवलती मिळवणाऱ्यांचा तपशील, असं त्यात बरंच काही येतं.

त्याच कलमात दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. एक, नोंदींची सूची नीट करून ठेवायची. दोन, माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात द्यायची. म्हणजे कुठल्या तरी कोपऱ्यात फाइल ठेवून 'आम्ही अपलोड केलं' म्हणणं हे कायद्याच्या हेतूत बसत नाही. लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हाच या कलमाचा उद्देश आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये किशनचंद जैन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना कलम 4 च्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला सांगितलं.

दुसरीकडे, सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं 2009 मध्येच काढली. 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. वेबसाइटवर तुटलेल्या लिंक नसाव्यात, हे या तत्त्वांत सुरुवातीपासून सांगितलेलं आहे.

मग याचा फटका कुणाला बसतो?

ज्याची महापालिकेत ओळख आहे, त्याला वेबसाइटची गरजच नसते. तो फोन करून कागद मिळवतो. वकील, बिल्डर, कंत्राटदार यांच्याकडे फाइलमागे फिरायला माणसं असतात. उरतो तो सामान्य माणूस.

2022 पासून 2026 च्या निवडणुकांपर्यंत मुंबई, पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांच्या हातात होता. त्या काळात ठराव, टेंडर, अंदाजपत्रक यांची माहिती घरबसल्या मिळवायचा मार्ग वेबसाइट हाच होता. तो बंद असेल तर प्रश्न तरी कशाच्या आधारावर विचारायचा?

यावर उपाय काय?

गंमत म्हणजे उपाय महाग नाहीत आणि त्यातला एक आपल्या राज्य सरकारकडेच आहे. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही जीआर उघडा. शेवटी 'त्याचा संकेतांक ... असा आहे' असं वाक्य असतं आणि 18 आकडी नंबर असतो. वेबसाइटची रंगरंगोटी कितीही बदलली, तरी जीआरची ओळख बदलत नाही. महापालिकेच्या प्रत्येक ठरावाला, नोटिशीला असाच कायमचा नंबर देता येतो.

दुसरा उपाय, वेबसाइट बदलताना जुन्या पत्त्यावरून थेट नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय करायची. मुख्य पानावर नाही, नेमक्या त्याच फाइलवर. ब्रिटन सरकारनं 2012 मध्ये आपल्या दोन मोठ्या वेबसाइट बंद करून एकच नवी सुरू केली, तेव्हा जुन्या लिंक नव्या ठिकाणी वळवण्याचं काम ठरवून केलं होतं. वेबसाइटच्या कंत्राटात अशी एक अट घातली तरी बराच फरक पडेल.

तिसरा, सहीच्या स्कॅनसोबत युनिकोडमधली मूळ फाइलही अपलोड करायची. ती टाइप तर झालेलीच असते. चौथा, सर्चला लोकांचे शब्द शिकवायचे. 'होर्डिंग' टाकलं की 'आकाशचिन्ह' विभाग दिसला पाहिजे.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

- वेबसाइटच्या सर्चवर विसंबू नका. गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहा, जागा न सोडता कोलन द्या, त्याला लागून महापालिकेच्या वेबसाइटचा पत्ता टाका आणि पुढे जागा सोडून तुमचा शब्द लिहा. मग फक्त त्याच वेबसाइटवरचे निकाल येतात. मराठी, इंग्रजी आणि सरकारी, तिन्ही शब्द टाकून पाहा.
- तुटलेली लिंक कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाका. तिथं जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात. प्रत्येक पान मिळेलच असं नाही, पण अनेकदा मिळतं.
- महत्त्वाची नोटीस दिसली की फक्त लिंक फॉरवर्ड करू नका. फाइल डाउनलोड करा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. वेबॅक मशीनवर ते पान स्वतः साठवूनही ठेवता येतं.
- हरकतीची मुदत सुरू असताना नोटीस उघडत नसेल, तर तसं लगेच लेखी किंवा ईमेलनं कळवा आणि स्क्रीनशॉट जोडा. पुढे वाद झाला तर तो पुरावा असतो.
- काहीच सापडलं नाही तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. अर्जात आणखी एक प्रश्न विचारा: 'ही माहिती कलम 4 नुसार वेबसाइटवर कोणत्या पानावर आहे?'

हा शेवटचा प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर कुणाला तरी सही करून द्यावं लागतं. आणि उत्तरात दिलेलं पान उघडलं नाही, तर माहिती आयोगाकडे तक्रार करायला तुमच्या हातात कागद असतो.