खाड्यांनी आखलेली वाट : हर्णै ते श्रीवर्धन

नकाशात हर्णैपासून श्रीवर्धन हाताच्या अंतरावर दिसते. गाडी निघाली की मात्र खाड्या आडव्या येऊ लागतात. आधी जोग, मग भारजा, शेवटी सावित्री. रस्ता गावात उतरतो, नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा होतो, घाटी चढून कातळावर येतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली उतरतो. घाई असेल त्याने महामार्ग धरावा. दोन-तीन दिवस मोकळे असतील त्याने इथेच यावे. खाड्यांनी वेगळी राखलेली ही गावे शेजारी असूनही एकासारखे दुसरे नाही.

हर्णैला दुपार कलल्यावर पोचावे. तेव्हा बंदरात मासळीचा लिलाव भरतो. पाणी उथळ, म्हणून मोठ्या होड्या आत थांबतात आणि बैलगाड्या लाटांत घालून माल किनाऱ्यावर आणला जातो. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग वाळूवरच लागतात, बोली चढत जाते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. इंग्रजांचे नेतृत्व कमोडोर विल्यम जेम्सकडे होते. आपलेच आरमार मोडायला परक्यांची मदत घेतली गेली, ही गोष्ट तो तट पाहताना आजही सलते.

जोगच्या खाडीपलीकडे आंजर्ले. तिथला कड्यावरचा गणपती नावाप्रमाणेच उंचावर आहे आणि देवळाजवळून सुवर्णदुर्ग पुन्हा दिसतो. पाडले, आडे ही गावे मागे टाकत वाट केळशीला येते.

केळशीच्या किनाऱ्यावर वाळूची एक उंच टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ती त्सुनामीच्या लाटेने उभी केली असावी, असे मत मांडले. समुद्राच्या रागाचा असा पुरावा गावाच्या कडेला उघडा पडलेला आहे. तो जपायला हवा.

भारजाची खाडी ओलांडून वेळास. नाना फडणवीसांचे हे गाव आता कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. पूर्वी कासवांची अंडी चोरीला जात. आता गावकरी रात्री किनारा फिरून घरटी शोधतात, अंडी कुंपणात हलवतात आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे सोडतात. कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, पानात घरचे जेवण येते. संवर्धनातून गावाच्या हाती चार पैसे पडावेत, हे वेळासने करून दाखवले आहे.

पुढे बाणकोट. सुवर्णदुर्गाच्या त्याच मोहिमेनंतर इथला किल्ला इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. खाली सावित्री समुद्राला मिळते. जवळच्या वेसवीहून गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि बागमांडल्याला रायगड जिल्ह्यात उतरायचे. आंबेतच्या पुलाचा लांबचा वळसा वाचतो.

हरिहरेश्वराच्या पुढे श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचे आणि रोठा सुपारीचे गाव. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्या भुईसपाट केल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत अनेक वर्षे जातात. त्यामुळे श्रीवर्धनला जाणाऱ्याने सुपारी वाडीवाल्याकडूनच विकत घ्यावी.