जुन्या कॉम्बीचा हीटर: दुरुस्तीआधी गंज बघा

१९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेल्या फोक्सवॅगन टाइप २ व्हॅनला रेडिएटर नाही. इंजिन मागे, हवेवर गार होणारं. त्याचाच पंखा थोडी हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून ढकलतो आणि ती तापलेली हवा गाडीखालच्या लांबलचक नळीतून पुढे येते. वाटेत बरीच ऊब जाते, म्हणून 'हा हीटर असाच' असं बरेच जण धरून चालतात. मला ते अजिबात पटत नाही. नीट राखला तर तो छान ऊब देतो!

बहुतेकदा दोष साधा असतो. झडपांच्या केबल गंजून अडकतात किंवा इंजिनजवळच्या जोडनळ्या फाटतात. इंजिन बंद करून, गाडी भक्कम स्टँडवर घेऊन खाली बघा आणि कुणाला तरी डॅशबोर्डवरचा दांडा हलवायला सांगा. दोन्ही बाजूंच्या झडपा पूर्ण उघडल्या पाहिजेत.

खरा धोका एक्स्चेंजरचा. तो आतून गंजून भोक पडलं, तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तिथे ठिगळ नको, भाग बदलाच. केबिनमध्ये या वायूचा अलार्मही बसवा, हीटर ठणठणीत असला तरी.