कुंडलिकेचे पाणी आणि राफ्टिंगविषयीचे गैरसमज

ज्येष्ठ सरता सरता कृष्णेचे पाणी चढू लागले आणि ढोल्या गणपतीसमोरच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून गढूळ प्रवाहाखाली जाऊ लागल्या, की वाईतील तरुण मंडळींच्या बैठकीत एक विचार हमखास निघतो : आता नद्या भरल्या, तेव्हा राफ्टिंगच्या सहलीचा बेत करावयास हरकत नाही. हा विचार वरवर इतका स्वाभाविक दिसतो की त्याची खातरजमा करण्याची गरज कोणास वाटत नाही; परंतु या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ याच समजुतीत असल्यामुळे आरंभी तिचाच परामर्श घेणे प्राप्त आहे.

राफ्ट उसळते ती नुसत्या पुष्कळ पाण्यामुळे नव्हे. उतार, पात्राचे आकुंचन, तळाचे खडक आणि बेताचा प्रवाह या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पाणी फेसाळते आणि खळाळ निर्माण होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि सांगली 550 मीटरांच्या आसपास; हा दीडशे मीटरांचा उतार दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या, वळणावळणाच्या पात्रात विभागला गेला आहे, म्हणजे किलोमीटरमागे तो मीटरभरही पडत नाही. धोम धरणातून कालव्यांचे आवर्तन सुटो किंवा पावसाळ्यात हजारो क्युसेकचा विसर्ग सुटो, कृष्णा रुंद होईल, वेगवान होईल, पण ती राफ्टिंगची नदी होणार नाही. उलट पुराच्या पाण्यात उन्मळलेली झाडे, कुंपणांच्या तारा आणि पुलांचे खांब असतात, आणि पाण्याखाली गेलेले बंधारे वरून दिसतही नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटून कित्येकांचे प्राण गेले, हे सातारा-सांगलीच्या माणसाने विसरता कामा नये. पूर ही आपत्ती आहे. तीत क्रीडेचा हेतू धरून उतरणे हे साहस नव्हे.

मग राफ्टिंग करावयाचे कोठे? महाराष्ट्रात याचे प्रमुख स्थान म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका. ही नदी भर उन्हाळ्यातही कशी वाहते, याचे अनेकांस आश्चर्य वाटते, आणि तिला बारमाही झरे असावेत असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आणि अधिक विचार करावयास लावणारी आहे. मुळा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे जाणारी. पुण्यात मुठेला, पुढे भीमेला आणि अखेर रायचूरकडे कृष्णेला मिळणे हा तिचा नैसर्गिक मार्ग. टाटा कंपनीने मुळशी येथे तिला धरण बांधले आणि तिचे पाणी बोगद्यातून व नळांतून पश्चिमेकडे, सुमारे 500 मीटर खाली, भिरा येथे उतरविले. तेथील वीजकेंद्र 1927 पासून चालू आहे. त्या धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मावळच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती या लढ्यापासून. चक्रे फिरवून मोकळे झालेले हेच पाणी कुंडलिकेत येते. कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमाकडे न येता पोफळीमार्गे वाशिष्ठीस जाते, हे सातारकरांस ठाऊकच आहे. हा त्याच जातीचा, पण त्याहून जुना प्रकार होय. वाईचा मनुष्य कोलाडला ज्या पाण्यावर स्वार होतो ते एरवी कृष्णेच्याच खोऱ्यातले, आणि त्याची किंमत कोणी तरी आपल्या शेतांनी मोजलेली आहे. तेथे जाणाऱ्याने एवढे जाणून जावे, असे मला मनापासून वाटते.

या वस्तुस्थितीतूनच बेत आखण्याचा पहिला नियम निघतो. पाणी विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे सुटते, आणि ते बहुधा सकाळी. वाईहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, माणगाव असे सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर आहे. पहाटे निघून वेळेवर पोहोचू या भरवशावर राहण्यापेक्षा आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करणे श्रेयस्कर. आषाढ-श्रावणात आंबेनळीत दरडी येतात, सबब त्या दिवसांत घाटाची चौकशी केल्यावाचून निघू नये. पाणी सुटणार की नाही, याचीही आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. केंद्राच्या कामात फरक पडला तर नदी त्या दिवशी कोरडीठाक राहू शकते.

हंगामाविषयीही असाच घोळ होतो. ऋषिकेशला गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असते, आणि तरीही पावसाळी सुट्टीत तेथील तिकिटे काढणारी कुटुंबे आढळतात. काळी नदीवरील दांडेलीचा हंगाम साधारण पावसाळ्यानंतरचा, तर गोव्यात सत्तरीतील म्हादईवर नेमका पावसाळ्यातला. प्रत्येक नदीचे पाणी कोठून येते हे विचारले, की तिचा हंगाम आपोआप कळतो.

खळाळांची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. एक म्हणजे जवळजवळ संथ पाणी, सहा म्हणजे निष्णातांनीही जीव धोक्यात घालावा असे. कुंडलिका साधारणतः दोन-तीनच्या दरम्यान आहे. ही प्रत दगडावर कोरलेली नसते. पाणी वाढले की काही खळाळ उग्र होतात, तर काही खडक पूर्ण बुडाल्याने नाहीसेही होतात.

सर्वांत घातक समज पोहण्याविषयीचा. घाटावर लहानपणापासून डुंबलेला वाईकर म्हणतो, ‘मला लाइफ जॅकेट कशाला?’ डोहात पोहणे आणि धावत्या पाण्यात वाहून जाणे यांत मोठे अंतर आहे. फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी शरीरास पुरेसे उचलून धरीत नाही, आणि तेथे उत्तम पोहणाराही खाली जातो. राफ्टमधून पडलेल्या माणसाची पहिली ऊर्मी उभे राहण्याची असते, आणि तीच प्राणावर बेतते : पाऊल दोन दगडांत अडकले की मागचा प्रवाह त्यास पालथा पाडून दाबून धरतो, आणि त्यासाठी कमरेइतके पाणीही पुरते. म्हणून पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेस पुढे व पाण्याच्या पृष्ठाशी ठेवून तरंगत राहावे, आणि गाईड सांगेल तेव्हाच काठाकडे हात मारावेत. उलटपक्षी, पोहता न येणाऱ्यासही सोप्या प्रतीच्या प्रवाहात जाण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, मात्र ही गोष्ट त्याने आधीच सांगावी. जॅकेट घट्ट असावे. खांद्याशी धरून वर ओढले असता ते कानांपर्यंत सरकले, तर ते घातल्याचा उपयोग नाही. वल्ह्याची वरची मूठ क्षणभरही सोडू नये, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. चष्म्यास दोरी बांधावी, आणि पायांत चपला नव्हे, पट्ट्याचे जोडे घालावेत.

राहिला प्रश्न कोणाबरोबर जावे हा. ‘सगळे सारखेच, स्वस्त पडेल तो बरा’ असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा व्यावसायिकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची व्यवस्था केली. तो दाखला मागण्यात संकोच वाटू देऊ नये. गाईडचे प्रशिक्षण कोणते, सोबत बचावाची दोरी व कयाक असते काय, निघण्यापूर्वी सर्वांकडून आज्ञांचा सराव करून घेतात काय, एवढे विचारून घ्यावे. चौदा वर्षांखालील मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तेथे वय वाढवून सांगणारे पालक भेटतात, आणि जॅकेट व हेल्मेट दोन्ही त्या मुलाला सैल होतात.